जॉब कार्डावरची ओळ

नवी गाडी घेतली की पेढे चारचौघांत वाटता येतात, गाडीतून येणारा आवाज मात्र वाटता येत नाही. शेजारी, नातेवाईक, जुने सहकारी सगळे विचारतात : रंग कोणता घेतला, ॲव्हरेज किती देते, ऑन-रोड कितीला पडली? आणि शेवटी, 'मग, गाडी कशी आहे?' या शेवटच्या प्रश्नाला 'झकास' हे एकच उत्तर अपेक्षित असते. आयुष्यभराच्या पुंजीतले आठ-नऊ लाख मोजून आणलेल्या वस्तूत तिसऱ्या आठवड्यात खोट निघाली, हे सांगायला माणूस कचरतो. लेकीच्या सासरची गोष्ट चव्हाट्यावर आणल्यासारखे वाटते त्याला. त्यामुळे नव्या गाडीची पहिल्या सहा महिन्यांतली दुखणी घरोघर असतात, पण त्यांची वाच्यता होते ती फक्त वर्कशॉपच्या काउंटरवर, आणि तिथे ती ऐकून घेणारा माणूस बहुधा घाईत असतो.

पूर्वी हा संकोच नव्हता. माझ्या लहानपणी सांगलीच्या गणपती पेठेत एका व्यापाऱ्याने फियाट घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती गाडी दारात यायला बुकिंग करून कित्येक वर्षे वाट पाहावी लागली होती. पण पूजा आटोपल्यावर गाडी पहिली गेली ती गॅरेजात. मिस्त्रीने दोन दिवस ठेवून घेतली. नटबोल्ट आवळले, कार्ब्युरेटर जुळवला, न लागणारे एक दार लागेल असे केले, खालून गंज चढू नये म्हणून काळ्या रंगाचा जाड थर मारला. याला कोणी तक्रार म्हणत नसे. नवी गाडी 'बसवून' घ्यावी लागते, नव्या चपलेसारखी, अशीच सर्वांची समजूत होती. पहिले हजार किलोमीटर काटा चाळीस-पन्नासच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि मागच्या काचेवर इंग्रजीत पाटी लावायची, 'रनिंग इन, प्लीज पास'. ती पाटी लावलेल्या गाडीचा मालक जरा जास्तच ताठ बसून गाडी चालवत असे, असे मला आठवते.

ही समजूत मोडली मारुतीने. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्या गेल्या आणि हळूहळू लोकांच्या ध्यानात आले, की नवी गाडी किल्ली फिरवल्यावर नुसती सुरू होते आणि चालू लागते! अपेक्षा वाढली हे चांगलेच झाले. पण तिच्या पाठोपाठ एक अवघड गोष्ट आली. नव्या गाडीत खोट असूच शकत नाही, अशी विकणाऱ्यांचीच श्रद्धा बसली. जुना मिस्त्री खोट आहे असे धरून चालायचा आणि ती शोधायचा. आजचा सर्व्हिस ॲडव्हायझर खोट नाही असे धरून चालतो आणि तुमची समजूत घालतो.

वास्तविक यंत्रशास्त्राला नव्या वस्तूची ही दुखणी चांगली ठाऊक आहेत. त्यांचा एक आलेखच आहे. न्हाणीघरातला टब मधोमध उभा कापला तर त्याची कड जशी दिसेल तसा : सुरुवातीला उंच, मग बराच काळ सपाट आणि शेवटी पुन्हा चढता. म्हणून त्याला 'बाथटब कर्व्ह' म्हणतात. शेवटचा चढ झिजेचा असतो, तो आपल्या ओळखीचा. आपल्या गुडघ्यांचाही तोच. सुरुवातीचा चढ असतो तो जन्मजात दोषांचा. एका मोटारीत लहानसहान स्क्रू-वॉशर धरले तर हजारो भाग असतात आणि ते वेगवेगळ्या गावच्या वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात. एखाद्या दिवशी एका कारखान्यातला साचा किंचित झिजलेला असतो, जोडणाऱ्याच्या हातून एखादी रबरी कड दुमडते, एखादा बोल्ट पुरता आवळला जात नाही. तपासणीत गाडी काही मिनिटे चालते. तो भाग कुरकुर करायला लागतो हजार किलोमीटरला. वॉरंटी द्यावी लागते ती याचसाठी. तो उपकाराचा मामला नाही.

अख्ख्या मॉडेललाच अशी बाळदुखणी जडल्याचे उदाहरण आपल्या पिंपरी-चिंचवडचे आहे. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका लोकांपुढे आली. संपूर्ण देशी बनावटीची गाडी म्हणून तिच्यावर उड्या पडल्या आणि पाठोपाठ पहिल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. कंपनीने त्या ऐकल्या, गाडीत सुधारणा केल्या आणि २००१ मध्ये 'व्ही-टू' या नावाने ती पुन्हा बाजारात उतरवली. नंतरची कैक वर्षे टॅक्सीवाल्यांनी त्याच इंडिकाच्या जिवावर संसार केले. तक्रार करणारे ते पहिले गिऱ्हाईक नसते तर दुसरी इंडिका कुठून आली असती?

आमची गाडी आली २०२२ च्या दसऱ्याला. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही कंपनीच्या गाडीत घडू शकते. पेट्रोलवरची, छोटी, पांढरी. सांगलीत आम्हा दोघांना गाडीची तशी गरज नव्हती. भाजी चालत आणता येते, वाचनालय तर हाकेवर. गाडी घेतली ती चिपळूणसाठी. पत्नीची थोरली बहीण, आमच्या अक्का, तिथे एकट्या राहतात. जुलै २०२१ च्या पुरात त्यांच्या घरात पाणी शिरले. त्यानंतर दर महिन्याला त्यांच्याकडे एक फेरी मारायची, असे पत्नीने ठरवून टाकले. पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एसटीची पायरी तिला चढवेना. कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. भाड्याची गाडी दर महिन्याला परवडणारी नव्हती. तेव्हा निवृत्तीच्या पैशातून ही गाडी.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या फेरीत, काटा १३४० वर असताना, मला पहिल्यांदा तो आवाज आला. अक्कांच्या गल्लीतून बाहेर पडताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवले, तर पुढून कुठून तरी 'टक'. बोट मोडल्यासारखा, पण जाड. पुन्हा उजवीकडे फिरवले, पुन्हा 'टक'. आवाजाचे एवढे नाही. गाडी म्हटली की आवाज असायचेच. घाट चढताना मात्र वेगळेच जाणवले. वळण संपले की स्टिअरिंग हातात सैल सोडावे, ते आपोआप मध्यावर येते, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे ते येत नव्हते, ओढून आणावे लागत होते. डाव्या वळणानंतर गाडी सरळ रस्त्यावरही थोडी डावीकडेच रेटत राही, उजव्या वळणानंतर उजवीकडे. गाडीला मागच्या वळणाची आठवण राहत होती म्हणा ना! कादंबरीतल्या पात्राला हा गुण शोभतो, मोटारीला नाही.

पत्नी शेजारी बसून माझ्या हातांकडे पाहत होती. हेळवाक येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, 'अहो, ते चाक तुम्हाला सारखं ओढावं लागतंय का?' मी हो म्हणालो. पुढच्या महिन्यात अक्कांचा फोन आला तेव्हा तिने सांगितले, 'थंडी फार आहे गं, पुढच्या महिन्यात बघू.' डिसेंबरात सांगलीला कितीशी थंडी असते हे अक्कांनाही ठाऊक आहे.

वर्कशॉपच्या पहिल्या फेरीत एका चटपटीत तरुणाने गाडीला स्कॅनर लावला आणि दहा मिनिटांत निकाल दिला. 'सर, कॉम्प्युटरमध्ये काहीच दाखवत नाही. एकही कोड नाही.' हल्लीच्या गाड्यांत इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांवर देखरेख करणारे संगणक असतात. काही बिघडले की ते सांकेतिक आकडा नोंदवून ठेवतात आणि स्कॅनर तो वाचतो. सोय उत्तमच आहे. पण हा संगणक त्याला जोडलेल्या तारांपुरताच बोलतो. रबर, स्प्रिंग, बेअरिंग यांना कुठली तार नसते. ती मुकी जनता. त्यांचे दुखणे कळायला कान आणि तळहात लागतात. कोड नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही, हे त्या मुलाला त्याच्या प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते, की सांगूनही कामाच्या रेट्यात तो विसरला होता, देव जाणे.

दुसऱ्या फेरीत व्हील अलाइनमेंट झाले. त्याचे पैसे घेतले, कारण ते वॉरंटीत बसत नाही. तिसऱ्या फेरीत गाडी लिफ्टवर चढवली, चाके हलवून पाहिली, स्टिअरिंग फिरवून पाहिले. आवाज नाही! 'काका, नव्या गाडीत थोडंफार असतंच. वापरात सेट होईल.' पहिल्या फेरीला मी 'सर' होतो, तिसऱ्या फेरीला 'काका' झालो. आवाज बहुधा माझ्या कानातच असावा, असा त्यातला मथितार्थ होता. साठी उलटलेल्या गिऱ्हाइकाला हे सौजन्य फुकट मिळते.

आता जॉब कार्डाविषयी. गाडी वर्कशॉपमध्ये घेताना एक कागद तयार होतो. त्यात किलोमीटर, पेट्रोलचा काटा, अंगावरचे ओरखडे यांबरोबर एक रकाना असतो : 'कस्टमर व्हॉइस', म्हणजे गिऱ्हाइकाचे म्हणणे, त्याच्याच शब्दांत. पहिल्या फेरीला त्या रकान्यात तरुणाने टाइप केले होते, 'जनरल चेकअप'. मी म्हणालो, 'हे माझं म्हणणं नाही. मी सांगतो ते लिहा.' तो हसून म्हणाला, 'सर, एवढं कोण लिहितं? मी टेक्निशियनला तोंडी सांगतो ना.' मी म्हणालो, 'तोंडी सांगाच. आणि लिहासुद्धा.' मग मी सांगितले आणि त्याने नाइलाजाने टाइप केले : 'उभ्या गाडीत किंवा सावकाश चालताना स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर पुढून टक असा आवाज. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येत नाही. गाडी मागील वळणाच्या दिशेने ओढते. प्रथम जाणवले १३४० कि.मी.' तीन फेऱ्यांच्या तीन कार्डांवर मी हीच ओळ शब्दही न बदलता घातली. पत्नीने गाडीच्या कप्प्यात एक छोटी डायरी ठेवली होती, तिच्यातही तारीख, किलोमीटर आणि कोण काय म्हणाले याची नोंद. गाडी परत घेताना 'काम समाधानकारक झाले' या छापील वाक्याखाली सही मागतात, आणि तीही गाडी चालवून पाहण्याआधी! तिथे मी सहीच्या वर लिहीत असे, 'दोष कायम. तपासणी अपूर्ण.'

हा बँकेतल्या माणसाचा खाक्या आहे हे कबूल. पण तो मला खुर्चीने शिकवला नाही, एका जीपने शिकवला.

१९९६ च्या सुमारास मी कराडकडच्या एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो. त्या भागात वडाप जोरात होते. एका तरुण शेतकऱ्याने आमच्याकडून कर्ज काढून वडापसाठी नवी जीप घेतली. आरसी बुकावर बँकेचा बोजा, आईचे दागिने गहाण, सगळे रीतसर. पहिल्याच महिन्यात गिअरबॉक्स कुरकुरू लागला, दुसऱ्या महिन्यात चौथा गिअर सटकू लागला. बिचारा चार वेळा जीप घेऊन सर्व्हिसला गेला. पाचव्यांदा तो माझ्या टेबलाशी आला आणि जीपची किल्ली समोर ठेवली. 'साहेब, गाडी तुमचीच हाय. न्या. माझ्यानं हप्ता भरवत न्हाई.'

त्याला समजावणे हा माझ्या नोकरीतल्या अवघड कामांपैकी एक प्रसंग होता. गाडी बिघडली म्हणून हप्ता थांबत नाही. गाडी विकणाऱ्याशी त्याचा एक करार, बँकेशी दुसरा. एकातली भांडणे दुसऱ्यात चालत नाहीत. आजही पुष्कळ लोक रागाच्या भरात हप्ता बंद करतात; कंपनीचे त्यात काही जात नाही, यांच्यामागे मात्र थकबाकीचा शिक्का लागतो. मी त्याला म्हणालो, 'तुझे कागद आण. आपण कंपनीला लिहू.' त्याने कागद आणले. चार फेऱ्यांचे चार कागद. त्यांवर काय होते? 'पहिली मोफत सर्व्हिस.' 'ऑइल टॉप-अप.' 'जनरल चेकअप.' 'वॉशिंग.' गिअरबॉक्स हा शब्द एकाही कागदावर नव्हता. त्या कागदांवरून पाहिले तर तो माणूस चार वेळा हौसेने जीप धुवायला गेला होता. आम्ही पत्रे पाठवली, मी फोन केले, अखेर पाच महिन्यांनी गिअरबॉक्स बदलून मिळाला. तेवढ्यात लग्नसराई उलटून गेली होती. आईचे दागिने सोडवायला त्याला पुढची तीन वर्षे लागली, हे मला माहीत आहे, कारण त्या खात्यावर सही माझी होती.

म्हणून ती ओळ.

तिसरी फेरी फुकट गेल्यावर एका संध्याकाळी मी वॉरंटीची पुस्तिका वाचायला घेतली. बारीक टाइप वाचण्यात माझी उमेदवारी गेली आहे. त्यात लिहिले होते ते बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत असते : साहित्यात किंवा जोडणीत दोष असलेला भाग कंपनी दुरुस्त करील किंवा बदलून देईल. भाग, गाडी नव्हे. अनेकांची निराशा इथेच होते. ते पहिल्या पत्रातच लिहितात, 'मला गाडी बदलून द्या.' सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका नव्या गाडीच्या प्रकरणात हेच सांगितले, की वॉरंटीत भाग बदलण्याची हमी असेल तर सदोष भागासाठी संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. याचा अर्थ गिऱ्हाईक असहाय आहे असा मात्र नाही. २०१० साली दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने, स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडीची तपासणी करावी आणि मूळ बनावटीतच दोष निघाला तर पैसे परत द्यावेत, असे सांगितले. म्हणजे भांडण शेवटी येते ते दोष कसला आणि तो कधीपासून होता, या प्रश्नावर. आणि 'कधीपासून' याचे उत्तर त्या जॉब कार्डाच्या रकान्यात असते. वॉरंटीच्या मुदतीत नोंदवलेला आणि न सुटलेला दोष असेल, तर पुढे 'मुदत संपली' असे तोंड वर करून सांगणे कंपनीलाही जड जाते.

ग्राहकासाठीचा मूळ कायदा १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. त्यातली एक सोय आमच्यासारख्यांना फार मोलाची आहे : आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते, कंपनीचे कार्यालय असेल त्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पन्नास लाखांपर्यंत किंमत मोजलेली वस्तू जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते, म्हणजे मध्यमवर्गाची कुठलीही गाडी आली. पाच ते दहा लाखांच्या वस्तूला शुल्क दोनशे रुपये. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. आणि दोष तुमच्या एकट्याच्या गाडीत नसून त्या बनावटीच्या सगळ्याच गाड्यांत असेल आणि जिवाला धोका असेल, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले ११०-अ हे कलम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करायला लावू शकते. आपला सतरा अक्षर-आकड्यांचा चासिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून, आपली गाडी अशा यादीत आहे का ते घरबसल्या पाहता येते. मी पाहिले. आमची नव्हती.

हे सगळे वाचले तरी मला आयोगात जायचे नव्हते. खटला जिंकूनही स्टिअरिंग मध्यावर येत नसते. मला कुंभार्ली घाट उतरायचा होता. तेव्हा मी एक पानी पत्र लिहिले. विशेषणे घातली नाहीत. (कादंबरीकाराला हे कठीण जाते.) तीन तारखा, तीन जॉब कार्डांचे क्रमांक, तिन्हींवरची तीच ओळ, आणि शेवटी दोन मागण्या : अनुभवी माणसाने माझ्याबरोबर गाडीत बसून दोष पाहावा आणि जो भाग सदोष असेल तो बदलावा. 'स्टिअरिंगचा दोष असल्याने गाडी घाटात नेणे मी थांबवले आहे,' हेही लिहिले. पत्र रजिस्टर पोस्टाने डीलरला, प्रत ई-मेलने कंपनीला. आठ दिवसांत फोन आला. या वेळी मी पुन्हा 'सर' होतो.

चौथ्या फेरीला वर्कशॉपच्या व्यवस्थापकांनी मागच्या शेडमधून एका वयस्क मेकॅनिकना बोलावून घेतले. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी स्कॅनरकडे पाहिलेही नाही. जॉब कार्ड मागून घेतले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि ती ओळ दोनदा वाचली. 'उभ्या गाडीत पण येतोय आवाज?' मी हो म्हणालो. 'मग वर चढवलीच कशाला? चाकं लोंबकळली की आवाज कुठनं येणार, साहेब?'

त्यांनी गाडी जमिनीवरच ठेवली. मला म्हणाले, 'तुम्ही आत बसा. सांगतो तेव्हा सावकाश फिरवा.' स्वतः पुढच्या उजव्या चाकामागे हात घालून स्प्रिंगवर तळवा टेकवला. मी स्टिअरिंग फिरवू लागलो. 'टक.' मामांनी मान हलवली. 'पुन्हा.' पुन्हा 'टक'. मग त्यांनी त्या चटपटीत तरुणाला बोलावले, त्याचा हात धरून तोच तळवा तिथे ठेवला आणि मला खूण केली. त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून माझा निम्मा राग उतरला. त्याने दोष पहिल्यांदा हाताने 'ऐकला' होता.

मामांनी मग बॉनेट उघडून समजावून सांगितले. पुढच्या चाकाचा शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून एक उभा खांब असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. त्याचे वरचे टोक बॉनेटखाली एका रबरी बैठकीत बसते आणि मध्ये एक पसरट बेअरिंग असते. स्टिअरिंग वळले की चाकाबरोबर हा सगळा खांब फिरतो, आणि तो मोकळा फिरावा म्हणून ते बेअरिंग. आमच्या गाडीत उजव्या बाजूच्या बेअरिंगची कड जोडतानाच नीट बसली नव्हती. फटीतून पाणी आणि धूळ आत जाऊन ते अडकू लागले होते. बेअरिंग फिरेना म्हणून स्प्रिंगच पिळली जायची, आणि पीळ अनावर झाला की एकदम सुटायची, तोच 'टक'. जो पीळ सुटत नसे तो स्टिअरिंगला मागच्या वळणाकडे रेटत राही. लिफ्टवर चाके अधांतरी झाली की गाडीचे वजन त्या बेअरिंगवरून उतरते. मग ते गुणी बाळासारखे फिरते. तिसऱ्या फेरीचे कोडे हे असे होते.

'असंच चालवलं असतं तर?' मी विचारले.

'चालली असती की. वाढत गेलं असतं. घाटात पावसाचं चाक फिरवायला गेलात आणि ते तिथंच थांबलं, तर मग काय करणार?' मामा हात पुसत म्हणाले. व्यवस्थापकांना ते वाक्य आवडले नसावे.

भाग यायला नऊ दिवस लागले. दोन्ही बाजूंच्या बैठका आणि बेअरिंगे बदलली, पुन्हा अलाइनमेंट केले. या वेळी त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि आधीचे पैसेही मागितल्यावर परत मिळाले. बिलावर मी 'स्ट्रट बेअरिंग, उत्पादन दोष, वॉरंटीत बदलले' अशी नोंद करून घेतली. उद्या दुसऱ्या वर्षी तेच पुन्हा झाले तर पहिल्यापासून गाणे लावायला नको. सहीआधी मामांना शेजारी बसवून विश्रामबागपर्यंत चक्कर मारली. गल्लीच्या तोंडाशी चाक पूर्ण फिरवले, सोडले, आणि ते शहाण्यासारखे मध्यावर आले.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा फोन. 'सर, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? नऊ दिले तरी आम्हाला शून्यच धरतात, सर.' तिच्या आवाजात खरीच काळजी होती. मी तिला म्हणालो, 'मामांना दहा लिहा. बाकीचं मी पत्रात लिहिलं आहे.' तिच्याकडे मामांसाठी रकाना नव्हता.

पुढच्या शनिवारी आम्ही पहाटे निघालो. कोयनानगरला चहा घेतला. घाट सुरू झाला तेव्हा पत्नी दोन वळणे माझ्या हातांकडे पाहत होती, तिसऱ्या वळणाला तिने पर्समधून लिमलेटची गोळी काढली, आणि पोफळीच्या अलीकडेच तिचा डोळा लागला. अक्कांनी दारातच विचारले, 'थंडी गेली का गं सांगलीची?'

परतीच्या वाटेवर पाटणच्या पुढे रस्ता खडबडीत आहे. तिथे ती एकदम म्हणाली, 'थांबा, रेडिओ बंद करा.' दोघांनी कान दिले. मागून बारीक कुरकुर येत होती. तिने कप्प्यातून डायरी काढली, चष्मा लावला, काटा वाचला आणि लिहिले : '२,११६ कि.मी. मागचे डावे दार. खराब रस्त्यावरच.'